बाई थांबल्या की थांबायचं

मुलं घरी गेली की सुमनबाई खेळांची पेटी गोणपाटावर उपडी करायच्या आणि एकेक चित्र, एकेक ठोकळा हातात घेऊन त्यावरचा मळ बघायच्या. पुसायला नव्हे. ज्याच्यावर जास्त मळ, तो खेळ परत पेटीत. जो कोराकरकरीत राहिला, तो बाजूला. "हा बघ, महिना झाला, एक बोट उमटलं नाय याच्यावर," असं म्हणून चार दिवस खपून केलेला खेळ त्या रद्दीत टाकायच्या. मला वाईट वाटायचं, कारण त्यातली कापाकापी आणि चिकटवाचिकटव माझी असायची.

"बाई, चित्र किती छान आलंय," मी हळूच म्हणायचे.

"छान आलंय तर तुझ्या घरी लाव. पोरांना नको आहे ते."

विरारला फुलपाड्यात एका चाळीच्या टोकाच्या खोलीत ही बालवाडी भरायची. एका महिला मंडळाची होती. बाई तिथे शिक्षिका आणि मी मदतनीस. नव्वद साल उलटल्यावर मी तिथे लागले आणि पुढची दहा-बारा वर्षं आम्ही दोघींनी ती चालवली. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून हे वहीत लिहिते आहे. मुलीची जुनी वही आहे, निम्मी पानं कोरी होती. बाईंना ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्या कशा होत्या ते कळावं एवढंच मनात आहे.

बाई वसईकडच्या खाडीकाठच्या गावातल्या. घरची भातशेती. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, तेव्हापासून भाऊ आणि भावजयीकडे राहायच्या आणि रोज एसटीने विरारला यायच्या. उंच, हाडापेराने मोठ्या. शेताच्या बांधावरून चालल्यासारखा एकेक पाय जपून टाकायच्या, सरळ रस्त्यावरसुद्धा. वर्गात पुस्तकातलं बोलायच्या. माझ्याशी बोलताना किंवा राग आला की घरचं बोलणं यायचं.

माझी संगीता तीन वर्षांची असताना मी तिला बालवाडीत सोडायला जायचे. ती रडायची, म्हणून मी दारात उभी राहायचे. बाकीच्या आया आत जाऊन बाईंशी बोलायच्या. मी चपला काढतात तिथेच. पाचव्या-सहाव्या दिवशी बाईंनी माझ्या हातात कापडाचे तुकडे आणि चिंचोक्यांची पुडी दिली.

"शिवता येतं?"

मी मान हलवली.

"मग उभ्या का राहता? मुठीत मावेल एवढी पिशवी शिवा. आत चिंचोके भरा. गच्च भरू नका, टणक झाली तर मुलांना लागेल."

मी वीस पिशव्या शिवून नेल्या. बाईंनी त्यातली एक उचलली आणि काही न सांगता माझ्याकडे फेकली. मी झेलली. त्यांनी हात पुढे केला, मी परत टाकली. असं सात-आठ वेळा झालं. बोलणं काहीच नाही. संगीता रडायची थांबून आमच्याकडे बघत होती.

"उद्यापासून ये," बाई म्हणाल्या. "बोलता नाय आलं तरी चालेल. झेलता येतं तुला."

त्या वर्षांत आमच्याकडे पाण्याचे फार हाल होते. टँकर आला अशी हाक आली की आया हंडे घेऊन धावायच्या आणि त्यांच्यामागे मुलंही हातातला खेळ टाकून पळायची. बाई रागवायच्या नाहीत. "टँकरपुढे टिकेल असा खेळ मला अजून सुचला नाय," म्हणायच्या. मापाचा खेळ पाण्याने घ्यायचा असं त्यांना शिक्षिकांच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. लहान पेल्याने मोठं भांडं भरायचं आणि पेले मोजायचे. एकदा घेतला, तर एक आई दारात येऊन म्हणाली, "आम्ही दोन-दोन तास रांगेत उभ्या राहतो आणि तुम्ही इथे पोरांना पाणी सांडायला शिकवता होय?" बाई दुसऱ्या दिवशी एसटीतून भाताच्या कोंड्याचं पोतं घेऊन उतरल्या. पुढे आठवडाभर आम्ही सगळे शिंकत होतो, पण कोंड्याने भांडी भरायचा खेळ वर्षभर चालला.

"चूक त्या बाईची नाय," त्या मला म्हणाल्या. "ज्याची घरात ओढाताण आहे, ते खेळायला घ्यायचंच नाय. पोर खेळतं, पन त्याचं लक्ष आईच्या तोंडाकडे राहतं."

खेळात कोणी बाद झालेलं त्यांना चालायचं नाही. संगीत खुर्चीचा तर त्यांना मनापासून राग. "जो धिमा आहे तो पयला बाद. म्हनजे ज्याला खेळायची जास्त गरज, तोच भिंतीला टेकून बसनार. मग शिकतो काय तो? बसायला शिकतो." त्यांनी तो खेळ उलटा केला. खुर्च्यांऐवजी गोणपाटं पसरली. गाणं थांबलं की सगळ्यांनी गोणपाटावर यायचं. दर वेळी एक गोणपाट काढून घ्यायचं, मूल मात्र एकही काढायचं नाही. शेवटी पंचवीस मुलं एका गोणपाटावर, एकमेकांना धरून, एका पायावर, हसून हसून पडायच्या बेताला. ज्याला कोणी हात देत नव्हतं त्यालाही तेव्हा ओढून घ्यावंच लागायचं.

पण त्यांचे सगळेच खेळ जमायचे असं नाही. एकदा मंडळाने त्यांना राजोडीच्या बालवाडीत खेळ दाखवायला पाठवलं. समुद्रकाठची कोळ्यांची मुलं, म्हणून बाईंनी मासे काढले. सारख्या माशांच्या दहा जोड्या, पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर. पत्ते पालथे मांडायचे, दोन उलटायचे, जोडी जमली की घ्यायचे. मीही मदतीला होते. पहिल्याच डावात एका मुलीने बोंबलाचे दोन पत्ते उलटले आणि परत पालथे ठेवले.

"अगं, जोडी झाली ना तुझी," बाई म्हणाल्या.

"नाय झाली. ह्यो ओला हाय, ह्यो सुका."

बाईंनी पत्ते जवळ घेऊन पाहिलं. एकावर पेन्सिल जरा जास्त दाबली गेली होती, एवढंच. मग दुसऱ्याने विचारलं, पापलेटाला दात कशाला काढले? तिसरा म्हणाला, ही सुरमई नाही, ही आजारी आहे. सगळा वर्ग हसत होता आणि बाई, ज्या कोणाला सहसा आपलं चुकलं म्हणायच्या नाहीत, त्या जमिनीवर मांडी घालून त्या मुलांकडून मासे शिकत होत्या. येताना बसमध्ये म्हणाल्या, "मी भातातली. मासे ताटात बघितलेले. त्यांच्या खेळात मी शिरले, तर चुकनारच." थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "पन मजा आली त्यांना. बाईलाच शिकवायला मिळालं ना." ते पत्ते त्यांनी टाकले नाहीत. पुढे फुलपाड्याच्या मुलांनी ते इतके मळवले की ओला कुठला आणि सुका कुठला हे कळेनासं झालं.

चिंचोक्यांच्या खेळाचं सांगायला हवं. मंडळाच्या सगळ्या बालवाड्यांतल्या मदतनिसांचं प्रशिक्षण बाईंकडे दिलं होतं. आम्ही वीसेक बायका गोल बसलो. बाईंनी प्रत्येकीला पाच चिंचोके दिले. एकदा बोललं की एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा. संपले की गप्प राहायचं, दुसरीला बोलू द्यायचं. ज्या बायका नेहमी बोलतात त्यांचे पाच मिनिटांत संपले. सगळ्या एकमेकींच्या हातांकडे बघायला लागल्या. हळूहळू बाकीच्यांचेही संपले. माझ्या मुठीत पाचच्या पाच. मूठ घामाने भिजली होती. मला उठून पळून जावंसं वाटत होतं.

एक बाई म्हणाली, "बोला की हो, सगळ्या थांबल्यात तुमच्यासाठी."

बाईंनी तिलाच अडवलं. "तिला काय बोलू नका. खेळ चुकला माझा." आणि सगळ्यांदेखत खेळ बदलला. दोघी-दोघींनी बसायचं, एकीने दुसरीच्या कानात सांगायचं, आणि जिने ऐकलं तिने मोठ्याने सांगायचं. त्या दिवशी माझं बोलणं दुसऱ्या बाईच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलं. मी एवढंच सांगितलं होतं की बाद झालेल्या मुलाला कसं वाटतं ते मला माहीत आहे.

घरी जाताना बाई म्हणाल्या, "खेळ नाय जमला तर पोर बदलायचं नाय, मंदा. खेळ बदलायचा. दहा वेळा बदलायचा. लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. नको इतकं लक्षात ठेवलं.

त्यांच्यात दोषही होते. त्यांना स्वतःला हरणं सहन व्हायचं नाही. मुलं गेल्यावर आम्ही दोघी कधी माशांच्या पत्त्यांचा डाव मांडायचो. मी जिंकले की चहा होईपर्यंत बोलायच्या नाहीत. एकदा मी त्यांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम चुकीचा पत्ता उलटला, तर माझा हात धरून म्हणाल्या, "हे करू नको. पोराशी पन नाय आनि माझ्याशी पन नाय. समोरच्याला कळतं. मग तो तुझ्याबरोबर खेळत नाय, नुसता बसतो." आणि दुसरा दोष म्हणजे औषध. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या पिशवीत असायच्या, आणि तिथेच राहायच्या. मी विचारलं की पाकीट काढून दाखवायच्या. "हे बघ, किती कोरं आहे. जमला नाय हा खेळ मला." त्या हसायच्या, मीही हसायचे. तेव्हा हसायला नको होतं.

आता त्या दिवसाचं.

आमच्याकडे एक गोष्टीचा खेळ होता. तो पूर्णपणे बाईंचा. फुलपाड्यात कुठून कुठून आलेली माणसं, मुलांच्या भाषा वेगळ्या, खोली लहान आणि आवाज एवढा की शेजारचे भांडायला यायचे. बाई कधी गप्प बसा म्हणायच्या नाहीत. "गप्प बसा सांगायचं नाय. गप्प बसल्याबिगर जमनार नाय असा खेळ द्यायचा." तर त्या गोष्ट सांगायच्या आणि मुलं खोलीभर फिरायची. बाई बोलतात तोवर चालायचं. बाई थांबल्या की थांबायचं, जसे असू तसे. परत बोलायला लागल्या की चालायचं. मुलं इतकी कान देऊन ऐकायची की बाईंना आवाज चढवावा लागायचा नाही. थांबण्यात जास्त मजा होती आणि बाईंना ते माहीत होतं. त्या थांबणं लांबवायच्या. कोणी हललं तरी बाद नाही, फक्त सगळे हसायचे.

माझ्यासाठीही नियम होता. "मदतनीस बाहेर बसून बघायला लागली की पोरांना कळतं की खेळ खोटा आहे." म्हणून माझ्या हातात केरसुणी असो की दुधाचं पातेलं, बाई थांबल्या की मीही थांबायचे.

त्या सकाळी गोष्ट खेकड्याची होती. खेकडा बिळातून बाहेर आला, चिखलात लांब गेला, आणि परत फिरला तर बीळ कुठे ते सापडेना. मी दाराशी चपला लावत होते. बाई म्हणाल्या, "आणि आता," आणि थांबल्या.

मुलं थांबली. मीही थांबले. एका हातात एक चप्पल होती.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मी खूप वेळा मनात मोजून पाहिलं आहे. कधी ते फार थोडं वाटतं आणि कधी फार जास्त. एवढं आठवतं की मला बरं वाटत होतं. पोरं किती छान थांबलीत, असं मनात आलं. एक मुलगा एका पायावर होता आणि त्याचा दुसरा पाय थरथरत होता तरी त्याने टेकवला नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, लांबवतायत. मग एक लहान मुलगी म्हणाली, "बाई, बोला ना आता." तेव्हा मी नीट पाहिलं. बाईंच्या ओठाचा एक कोपरा खाली आला होता आणि खडू हातातून पडला होता.

रिक्षा, दवाखाना, मग मुंबईचं मोठं इस्पितळ. बाई वाचल्या. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. महिन्याने घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द राहिला होता, 'आता'. भूक लागली की आता, नको असलं की आता, भाऊ दिसला की आता. तोच शब्द, वेगवेगळ्या आवाजात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऐकू येतं, बरंचसं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. रोज बोलायचा सराव करून घ्या, पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत.

भावजयीचं नाव कुंदावहिनी. शेतात राबलेली, तोंडाने सडेतोड, पण बाईंचं सगळं तिनेच केलं. ती मला म्हणाली, "मला ह्यातलं काय कळत नाय गं. पोरांना बोलायला शिकवायचा धंदा तुमच्या दोघींचा. तूच कर." म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस बालवाडी आटोपून एसटीने त्यांच्या गावी जायला लागले. पिशवीत खेळ घेऊन.

पहिल्यांदा मी नवीन पत्ते करून नेले. पेला, चमचा, पंखा, साडी, गोळी. खूप मन लावून केले होते. बाईंनी डाव्या हाताने एकेक पत्ता उचलला, तिरका धरून बघितला आणि बाजूला ठेवला. सगळे. कुंदावहिनी म्हणाली, "आवडले नाय वाटतं." मला कळलं होतं. त्यांच्यावर मळ नव्हता.

मग बालवाडीतले माशांचे जुने पत्ते नेले. ते बघून त्यांचा चेहरा फुलला. बोंबलाचा पत्ता हातात घेऊन त्या माझ्याकडे बघून हसल्या, राजोडीचं आठवलं असणार. तोंड उघडलं, ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या. "आता," म्हणाल्या. आणि आपलाच शब्द ऐकून पत्ता खाली ठेवला.

मी खेळ बदलला. कानात सांगायचा खेळ घेतला, गाळलेला शब्द भरायचा घेतला, वस्तू कापडाखाली लपवून ओळखायचा घेतला. त्यांना सगळं ओळखता यायचं. मी पेला म्हटलं की बोट पेल्याकडे जायचं. फक्त तोंडातून पेला यायचा नाही. एक दिवस जोड्यांच्या डावात त्या फार थकल्या होत्या आणि मला ते बघवेना. बोंबलाचा दुसरा पत्ता कुठे आहे ते मला ठाऊक होतं. मी मुद्दाम दुसराच उलटला. त्यांनी डावा हात फिरवून सगळे पत्ते जमिनीवर लोटले. मला नियम माहीत होता. तरी मी मोडला. पत्ते गोळा करताना मी वर बघितलं नाही.

पुढच्या वेळी मी खरी खेळले. मी सात जोड्या घेतल्या, त्यांनी तीन. त्या वाकड्या तोंडाने हसल्या आणि चहा येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसल्या. त्या दिवशी मला वाटलं, बाई आत तशाच आहेत.

आणि मग तो एक दिवस. मी माझ्या जिंकलेल्या जोड्या मोजत होते. एक, दोन, तीन. माझ्याबरोबर दुसरा आवाज आला. चार, पाच, सहा. बाई मोजत होत्या. स्वच्छ, शिक्षिकेच्या आवाजात, दहापर्यंत. कुंदावहिनी चुलीवरचं तसंच टाकून धावत आली. भावाला शेतातून हाक मारून आणलं. सगळ्यांसमोर परत मोजलं, परत दहापर्यंत आलं. कुंदावहिनीने माझ्या हातावर साखर ठेवली. मी तीन बोटं दाखवून विचारलं, "बाई, किती?" त्यांनी बोटांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. "आता," म्हणाल्या. परत विचारलं, परत तेच. मी एक, दोन म्हणून सुरुवात करून दिली की दहापर्यंत आकडे यायचे, पण त्यातला एकही उचलून त्यांना देता येत नव्हता. भाऊ शेतात परत गेला. साखर माझ्या हाताला चिकटली होती.

असे पाच-सहा महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपत आले होते. मी एसटीत बसून खेळ शोधायचे. रस्त्यात दिसेल त्याचा खेळ होतो का बघायचे. दहा वेळा बदल म्हणाल्या होत्या, मी दहाच्या पुढे गेले होते. खेळ नाही जमला तर खेळ बदलायचा हे त्यांनी मला शिकवलं. कोणताच जमला नाही तर काय करायचं, हे शिकवायचं राहिलं होतं. आणि ज्यांना विचारायचं त्यांच्याजवळ उत्तराला शब्द नव्हता.

शेवटी मी चिंचोके नेले. पाच बाईंना, पाच कुंदावहिनीला, पाच मला. बोललं की एक ताटलीत. मला वाटलं, 'आता' म्हटलं तरी मी तो बोल धरेन. एक तरी चिंचोका पडेल. कुंदावहिनीचे एका दमात संपले. गाय, पाऊस, गुडघा, नणंदेचा हट्टीपणा. ती मग गोठ्याकडे गेली. मीही तीन-चार वाक्यं बोलले आणि माझे संपत आले. बाईंच्या मांडीवर पाचच्या पाच. त्यांनी 'आता'सुद्धा म्हटलं नाही. मूठ मिटली होती. ती मूठ मला ओळखीची होती.

मी माझा शेवटचा चिंचोका टाकला आणि म्हटलं, "बाई, माझ्याकडचे खेळ संपले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मूठ उघडली आणि डाव्या हाताने एकेक चिंचोका माझ्यापुढे सरकवला. मी ते परत त्यांच्याकडे सरकवले, म्हटलं, हे तुमचे आहेत. त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवले, जरा जोराने. एक घरंगळत पलंगाखाली गेला.

म्हणून मी बोलले. चार चिंचोक्यांचं. मी सांगितलं की त्या दिवशी मी दारात होते. तुम्ही थांबलात म्हणून मी थांबले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मला तो खेळ वाटला. मला चप्पल टाकून धावता आलं असतं आणि मी हलले नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगताना एकेक चिंचोका ताटलीत टाकत होते, कारण नियम होता.

बाईंनी सगळं ऐकलं. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "आता." हळू म्हणाल्या. त्यात राग होता का, माफी होती का, की नुसताच तो शब्द होता, हे मला कळलं नाही. मी बारा वर्षं त्यांच्याजवळ होते, त्यांच्या भुवईवरून मला कळायचं की कोणतं गोणपाट काढायचं. हे कळलं नाही. मी वाट बघत बसले. एसटीची वेळ झाली तशी उठले.

पुढच्या वारी मी जाणार त्याच्या आदल्या सकाळी त्यांना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. कुंदावहिनीने नंतर पलंगाखालचा तो चिंचोका झाडताना सापडला म्हणून माझ्याकडे पाठवला. तिला वाटलं, बालवाडीचा आहे, मोजून ठेवलेला असेल.

मंडळाने नवीन शिक्षिका आणली. चांगली आहे, छापील खेळ घेऊन येते. महिन्याच्या शेवटी मी पेटी उपडी करून मळ बघते आणि तिला काही सांगत नाही. पण मुलं मोठी वस्ताद. जुन्या मुलांनी नव्यांना सांगून ठेवलं होतं. एक दिवस नवीन बाई मीटिंगला गेल्या होत्या तेव्हा मुलांनी मला घेरलं. गोष्टीचा खेळ घ्या. खेकड्याची गोष्ट सांगा. पुढे काय झालं ते सांगा. मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. बाई गोष्ट मनातून रचत पुढे जायच्या, ती कुठे लिहिलेली नव्हती.

मुलं हटेनात. मी दाराशी जाऊन बघितलं, कोणी मोठं माणूस नव्हतं. मग सांगायला लागले. खेकडा बिळातून बाहेर आला, चिखलात लांब गेला, परत फिरला तर बीळ सापडेना. मुलं चालत होती. माझा आवाज बारीक, म्हणून कान देत होती. "आणि आता," मी म्हटलं आणि थांबले. खेळ म्हणून थांबायचंच होतं.

सगळी थांबली. कोणी वाकलेलं, कोणी हात वर केलेलं, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. कोणी हलत नव्हतं. आपण कधीच बोललो नाही तर ही अशीच उभी राहतील, असं माझ्या मनात आलं आणि मी घाईघाईने म्हटलं, "आता भरती आली, आणि पाण्याबरोबर तो आपोआप घराशी गेला."

हा शेवट बाईंना आवडला असता असं वाटत नाही. फार सोपा आहे. पण तेव्हापासून तो खेळ मी अधूनमधून घेते. नीट जमत नाही. थांबणं लांबवलं तरच त्यात मजा आहे, हे मला माहीत आहे, आणि मी मनात तीन मोजायच्या आतच बोलते. मुलं तक्रार करतात, "मंदाबाई, तुम्ही किती लवकर बोलता, थांबायला मिळतच नाही." मी हो म्हणते. पुढच्या वेळी परत लवकर बोलते.